खोकल्याची बाटली : जे. जे. रुग्णालयापासून छिंदवाड्यापर्यंत



दिवाळी सरली की आपल्या लासलगावात खोकल्याचे दिवस सुरू होतात. पहाटेची थंडी, दुपारचे ऊन आणि खळ्यांवरून उडणारी कांद्याच्या टरफलांची धूळ. आपल्यातल्या कितीतरी घरांचा व्यापार कांद्याचा. कांदा स्वयंपाकघरात येत नाही, पण त्याची धूळ मात्र विचारल्याशिवाय घरात येते. मग आजोबा रात्रभर खोकतात, नातवाची छाती घरघरते आणि आपण कपाटातून मागच्या वर्षीची अर्धी उरलेली बाटली काढतो. झाकण चिकटलेले असते, ते गरम पाण्यात धरून उघडतो आणि चमचा भरतो.

आज या बाटलीचा इतिहास सांगायचा आहे. मी काही औषधशास्त्र शिकलेली नाही, बी.कॉम. झालेली बाई आहे. पण याविषयी वाचत गेले तेव्हा ध्यानात आले की या गोष्टीचा निम्मा भाग औषधाचा नाहीच. तो खरेदीचा, भावाचा, बिलाचा आणि तपासणीच्या कागदाचा आहे, आणि तो आपल्या व्यापारी घरांतल्या बायकांना चांगला कळतो.

खोकला दाबण्याची सुरुवात अफूपासून

खोकला हा मुळात आजार नाही. घशात किंवा श्वासनळीत धूळ, कफ, काही नको ते आले की शरीर जोर लावून ते बाहेर टाकते. पण रात्र रात्र झोप लागत नाही, बरगड्या दुखतात, तेव्हा तो थांबावा असे कोणालाही वाटणारच.

खोकला थांबवणारे सर्वांत जुने द्रव्य म्हणजे अफू. पूर्वी आपल्याकडे बाळांनासुद्धा अफूच्या गोळ्या द्यायचे, त्यांना बाळगोळी म्हणत. मूल शांत झोपे, आणि काही मुले पुन्हा उठतच नसत. अफूतूनच १८३२ मध्ये फ्रान्सच्या पियेर रोबिके या रसायनशास्त्रज्ञाने कोडीन वेगळे काढले. मेंदूत खोकल्याची उबळ जिथून सुटते तिथेच ते लगाम घालते. पुढे १८९८ मध्ये जर्मनीच्या बायर कंपनीने खोकल्यावरचे औषध म्हणून एक नवी पूड बाजारात आणली. तिचे नाव हेरॉइन! आज ज्या नावाने अंगावर काटा येतो ते तेव्हा औषधाच्या दुकानात मिळत होते. सवय लागत नाही असे आधी सांगितले गेले, आणि ते खोटे ठरायला फार वर्षे लागली नाहीत.

मग अफूची नशा नसलेले पण खोकला दाबणारे काही मिळते का, याचा शोध सुरू झाला आणि त्यातून डेक्स्ट्रोमेथॉर्फन आले. अमेरिकेत १९५८ मध्ये त्याला परवानगी मिळाली. आज कोरड्या खोकल्याच्या बहुतेक बाटल्यांवर बारीक अक्षरांत हेच नाव असते. कोडीनच्या बाटल्याही आपल्याकडे मिळत राहिल्या. नशेसाठी त्या पिणाऱ्यांच्या आणि पकडलेल्या साठ्यांच्या बातम्या आपण वाचतोच. कोडीन आज डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, आणि विकले तर दुकानदाराला त्याची वेगळी नोंद ठेवावी लागते. त्याने श्वास मंदावतो, म्हणून लहान मुलांना ते देऊच नये.

परसातला अडुळसा

दुसरी वाट आपल्या परसातून निघाली. अडुळसा बांधाबांधावर उगवतो, गुरे त्याला तोंड लावत नाहीत. माझ्या सासूबाई त्याची पिकलेली पाने वाफवून रस काढायच्या आणि खडीसाखर घालून द्यायच्या. त्याचे संस्कृत नाव वासा किंवा वासक. माझ्या पिढीने कपाटात पाहिलेली बडोद्याच्या अलेम्बिक कंपनीची ग्लायकोडिनची बाटली आठवते ना? तिचे पूर्वीचे नाव ‘ग्लायकोडिन टर्प वसाका’. त्यातला वसाका म्हणजे आपला अडुळसाच.

अडुळशातल्या व्हॅसिसीन या द्रव्याचा अभ्यास करता करता युरोपात १९६० च्या दशकात ब्रोमहेक्सिन हे औषध तयार झाले, आणि त्याच्या पुढची पायरी म्हणजे अँब्रोक्सॉल. आज डॉक्टर कफाच्या खोकल्यावर ही नावे लिहून देतात. ती खोकला दाबत नाहीत, कफ पातळ करून सुटायला मदत करतात.

या दोन वाटांमधला फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे. अफूच्या वाटेची औषधे खोकला दाबतात, ती कोरड्या खोकल्यासाठी. अडुळशाच्या वाटेची औषधे कफ सोडवतात, ती ओल्या खोकल्यासाठी. छातीत कफ भरलेला असताना दाबणारे औषध दिले तर कचरा आत ठेवून दार लावल्यासारखे होते. ‘खोकल्याचं औषध द्या हो’ एवढेच दुकानात सांगून काम भागत नाही ते यामुळे.

औषध चमचाभर, पाक बाटलीभर

आता खऱ्या विषयाकडे येते. शंभर मिलिलिटरच्या बाटलीत प्रत्यक्ष औषध किती असते? अगदी थोडे. बाकी सगळा पाक. आपण गुलाबजामासाठी करतो तसा साखरेचा पाक त्यात असतो, पण काही औषधे पाण्यात नीट विरघळत नाहीत, म्हणून ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, सॉर्बिटॉल असे दाट, गोडसर द्रव घालावे लागतात. चांगल्या प्रतीचे असतील तर ते ठरल्या प्रमाणात सुरक्षित आहेत.

यांच्यासारखाच दिसणारा आणखी एक द्रव आहे, डायइथिलीन ग्लायकॉल. रंग नाही, जवळजवळ वास नाही, दाट आणि चवीला गोड. तो कारखान्यांच्या कामाचा. स्वस्त असतो. पोटात गेला की शरीरात त्याचे जे रूपांतर होते ते मूत्रपिंडे निकामी करते. आधी उलट्या, पोटदुखी होते, मग लघवी कमी होत होत बंद पडते, पुढे झटके, बेशुद्धी.

डोळ्यांनी, नाकाने, जिभेने ओळखता येत नाही असा हा भेसळीचा माल. तुपातली भेसळ आपण कढवताना ओळखू, केशरातली पाण्यात टाकून ओळखू. ही फक्त प्रयोगशाळेत कळते. म्हणून इथे तपासणीचा कागद हाच सगळा आधार. तो कागद खोटा असेल किंवा नसेलच, तर खाली कोणीही अडवणारा नाही.

हे जगाला पहिल्यांदा कळले १९३७ मध्ये, अमेरिकेत. सल्फा हे जंतूंवरचे नवे औषध तेव्हा गोळ्यांत मिळे. मुलांना देता यावे म्हणून टेनेसी राज्यातल्या एका कंपनीने ते डायइथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवले, रासबेरीचा स्वाद घातला आणि विकले. बाजारात आणण्याआधी ते विषारी आहे का हे पाहण्याची कायद्याने सक्ती नव्हती, आणि कोणी पाहिलेही नाही. १०० हून अधिक माणसे गेली, त्यांत कितीतरी मुले. कायदा इतका तोकडा होता की माल जप्त करायला आधार मिळाला तो फक्त नावाचा. बाटलीवर ‘एलिक्झिर’ लिहिले होते, त्या शब्दाचा अर्थ दारूचा अंश असलेले औषध, आणि आत दारू नव्हती. म्हणजे माणसे मारली हा गुन्हा बसेना, लेबल चुकीचे हा बसला. त्यानंतर १९३८ मध्ये तिथे नवा कायदा झाला.

आपल्याकडे औषधांतल्या भेसळीची चौकशी त्याआधीच झाली होती. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या समितीने १९३१ मध्ये अहवाल दिला आणि १९४० मध्ये औषध कायदा झाला. त्याच कायद्याच्या आधाराने आजही सगळे चालते. म्हणजे नियम नव्हते असे आपल्याला म्हणता येत नाही. पुढची गोष्ट त्यामुळे जास्त लागते.

जे. जे., १९८६

१९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या भायखळ्यातल्या जे. जे. रुग्णालयात काही रुग्ण अचानक दगावू लागले. ते मूत्रपिंडाचे रुग्ण नव्हते. कोणाच्या डोळ्यांतला दाब वाढला होता, कोणाच्या मेंदूला सूज होती. तो दाब उतरावा म्हणून त्यांना तोंडाने ग्लिसरीन दिले जात होते, ही तेव्हाची नेहमीची उपचारपद्धत. ग्लिसरीन घेतल्यावर त्यांची लघवी बंद झाली. १४ रुग्ण गेले. त्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल निघाले.

माझे नुकतेच लग्न झाले होते तेव्हा. पेपर दुपारच्या गाडीने येई आणि घरातले पुरुष वाचून झाले की माझ्या हाती पडे. महिनोन्‌महिने त्या चौकशीच्या बातम्या येत होत्या. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग नेमला होता. त्यांचा अहवाल १९८७ च्या अखेरीस आला. त्यात एका बाटलीची नव्हे, सगळ्या साखळीची झडती होती : रुग्णालयाची खरेदी, पुरवठादार, औषधांची तपासणी ज्यांच्याकडे होती ते अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी आणि वरचे मंत्रालय. आरोग्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला.

मैत्रिणींनो, हे प्रकरण खोकल्याच्या औषधाचे नाही, तरी मी ते मधोमध ठेवले आहे. कारण खोकल्याच्या बाटलीतला पाक आणि जे. जे.मधले ग्लिसरीन ही एकाच बाजारातली वस्तू. कारखान्यासाठीचा माल आणि औषधासाठीचा माल, दोन्ही पिंपांत येतात, दोन्ही सारखे दिसतात, भाव मात्र वेगळा. मधे तीन-चार हात बदलले की पहिल्या पिंपावर काय लिहिले होते ते शेवटच्या हाताला कळतच नाही. आपल्याकडे बाजार समितीत कांद्याचा लिलाव होतो तेव्हा व्यापारी वक्कल ओतून बघतो, वर चांगला आणि खाली खराब तर नाही ना. औषधाच्या पिंपात हात घालून बघता येत नाही. तिथे बघणारा माणूस पगारी असतो आणि त्याने बघितलेच नाही तर रुग्ण मरतो. लेंटिन आयोगाच्या चौकशीतून मला कळले ते एवढेच.

पुन्हा, आणि पुन्हा

जे. जे. नंतर हे थांबायला हवे होते. १९९८ मध्ये दिल्लीजवळच्या गुडगावात मुलांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. ३६ मुले रुग्णालयात आली, त्यांतली ३३ गेली. कारण खोकल्याचे औषध. २०१९ च्या अखेरीस आणि २०२० च्या सुरुवातीला जम्मूच्या रामनगर भागात तेच झाले, तिथेही दहाहून अधिक मुले गेली. २०२२ मध्ये आफ्रिकेतल्या गांबिया या चिमुकल्या देशात साठहून अधिक मुले गेली आणि जागतिक आरोग्य संघटनेने ज्या चार सिरपांबद्दल इशारा दिला ती भारतात, हरियाणात बनलेली होती. त्याच वर्षी उझबेकिस्तानातूनही तशीच बातमी आली. मग सरकारने नियम केला की १ जून २०२३ पासून परदेशी जाणारे प्रत्येक कफ सिरप सरकारी किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासूनच जाईल.

हे वाचून माझ्या मनात आले तेच तुमच्याही मनात येईल. परदेशी मुलांसाठी जाणारी बाटली तपासून जाणार, मग आपल्या नातवंडांची?

छिंदवाडा आणि नागपूर

त्याचे उत्तर २०२५ मध्ये मिळाले. मध्य प्रदेशातला छिंदवाडा जिल्हा आपल्या विदर्भाला लागून आहे, तिथली माणसे मोठ्या दवाखान्यासाठी नागपूरला येतात. सप्टेंबरमध्ये परासिया भागातली लहान मुले साध्या सर्दी-तापासाठी डॉक्टरांकडे गेली, औषध घेतले आणि काही दिवसांत त्यांची लघवी बंद झाली. आईबाप त्यांना घेऊन नागपूरला धावले. कितीतरी मुलांनी नागपूरच्या दवाखान्यांतच प्राण सोडले. एकूण वीसहून अधिक मुले गेली, बहुतेक पाच वर्षांखालची.

औषधाचे नाव कोल्ड्रिफ. तमिळनाडूतल्या कांचीपुरम जिल्ह्यातल्या श्रीसन या कंपनीने बनवलेले. तमिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेने एसआर-१३ या बॅचचा नमुना तपासला तेव्हा त्यात ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल निघाले. चालणारी मर्यादा ०.१ टक्का. म्हणजे थोडी भेसळ नव्हे, जवळजवळ अर्धी बाटली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही ही बॅच विकू नका, वापरू नका असा इशारा काढला. पुढे कंपनीच्या मालकाला अटक झाली, परवाना रद्द झाला.

यातली आणखी एक गोष्ट फारशी कोणी बोलले नाही. कोल्ड्रिफमध्ये पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन अशी तीन औषधे होती. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये आणि तसे लेबलवर छापावे, असे केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच सांगितले होते. विष नसते तरीही ते औषध त्यांतल्या कितीतरी बाळांच्या पोटात जायला नको होते. एक कागद प्रयोगशाळेत झाला नाही, दुसरा कागद झाला पण कोणी वाचला नाही.

३ ऑक्टोबर २०२५ ला केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावले : दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीचे औषध देऊ नये, पाच वर्षांखालच्यांना साधारणपणे देऊ नये, आणि त्यापुढेही डॉक्टरांनी तपासूनच, कमीत कमी दिवस, अनेक औषधांची मिश्रणे टाळून द्यावे. कारण साधे आहे. मुलांचा बहुतेक खोकला काही दिवसांत आपोआप बरा होतो आणि या बाटल्यांनी त्यांना फारसा फायदा होतो असे दिसलेले नाही.

प्रयोगशाळा आपल्या हातात नाही, पण नको तिथे बाटली न उघडणे आपल्या हातात आहे. कारखान्यात चूक होवो, तपासणीत होवो, लाचेत होवो, न उघडलेल्या बाटलीने कोणाचे नुकसान होत नाही. जे. जे.पासून छिंदवाड्यापर्यंतच्या या सगळ्या इतिहासातून आपल्यासारख्या घरच्या बायकांनी घ्यावे असे मला हे एकच सूत्र सापडले. गरज असेल तेव्हा औषध जरूर घ्यावे, पण ‘असू दे, एक चमचा देऊन टाकू’ ही सवय सोडावी.

कपाट उघडून बघा

या आठवड्यात औषधाचा डबा खाली काढा आणि चष्मा लावून एकेक बाटली वाचा.

उघडलेली जुनी बाटली, पुसट झालेले लेबल, तारीख उलटलेली, ती टाकून द्या. दुसऱ्याच्या नावावर आलेली, शेजारणीने दिलेली, तीही. पैसे गेले असे वाटू देऊ नका.

नवीन घेताना पक्के बिल घ्या. बिलावर बॅच नंबर असतो. एखादी बॅच खराब निघाल्याचा इशारा आला तर आपल्याकडची तीच का, हे त्या नंबरावरूनच कळते. बाटली आणि बिल औषध संपेपर्यंत सोबत ठेवा. शंका आली तर बाटली फेकू नका. अन्न व औषध प्रशासनाचे कार्यालय नाशिकला आहे, तिथे कळवा.

पुढच्या बाजूचे मोठे नाव सोडा, मागची बारीक अक्षरे वाचा. आपण ज्यांना बिनचिठ्ठीची औषधे समजतो त्यांतल्या कितीतरी बाटल्यांवर ‘आरएक्स’ची खूण असते, म्हणजे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यायचे औषध असते. डेक्स्ट्रोमेथॉर्फन असेल तर ते कोरड्या खोकल्यासाठी. प्रौढ माणसालाही दिवसभरात १२० मिलिग्रॅमच्या वर ते जाऊ नये. नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. क्लोरफेनिरामिन किंवा डायफेनहायड्रामिन असेल तर झोप येते, म्हाताऱ्या माणसांचा रात्री उठताना तोल जातो. प्रोस्टेट वाढलेले असेल किंवा काचबिंदू असेल त्यांनी ही जपून, विचारूनच घ्यावीत. फिनाइलएफ्रिन रक्तदाब वाढवू शकते. पॅरासिटामॉल असेल तर तापाची वेगळी गोळी त्याच्या जोडीला देऊ नका, दुप्पट मात्रा होते. मधुमेह असेल तर पाकातली साखरही मोजा.

चमचा घरातला नको. आपल्या स्वयंपाकघरात पाच आकारांचे चमचे असतात. बाटलीबरोबर मिळणारे खुणांचे टोपण वापरा.

एक महत्त्वाचे आपल्या वयाच्या बायकांसाठी. रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि महिनोन्‌महिने कोरडा खोकला जात नाही, असे असेल तर गोळीचे नाव बघा. एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल अशी शेवटी ‘प्रिल’ असलेली गोळी असेल तर खोकला तिच्यामुळेही असू शकतो. मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, ते गोळी बदलून देतात. अशा खोकल्यावर दहा बाटल्या प्यायल्या तरी उपयोग होत नाही.

आणि खोकला दोन आठवड्यांवर गेला, थुंकीत रक्त आले, वजन उतरले, रात्री घाम फुटू लागला तर बाटली बाजूला ठेवून तपासणी करा. क्षयरोगाची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. यात लाजण्यासारखे काही नाही, चांगल्या घरांतही क्षय होतो. धाप लागली किंवा बाळाच्या बरगड्या श्वास घेताना आत ओढल्या जाऊ लागल्या तर लगेच निघा. कुठलेही सिरप दिल्यावर मुलाला उलट्या झाल्या आणि लघवी कमी झाली, तर सकाळपर्यंतही थांबू नका. बाटली बरोबर घेऊन मोठ्या दवाखान्यात जा.

आपले नियम आणि औषध

हे डॉक्टर सांगत नाहीत, कारण त्यांना ठाऊक नसते. म्हणून आपणच एकमेकींना सांगावे.

खोकल्यावर घरगुती उपाय म्हणून सगळीकडे मध आणि आल्याचा रस सांगतात. आपल्याला मध चालत नाही, आले कंदमुळात येते. म्हणून काही अडत नाही. कोमट पाणी घोट घोट, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, सुंठ, वाळलेली हळद, लवंग, खडीसाखर एवढे पुष्कळ झाले. ज्येष्ठमधाच्या नावात मध आहे, वस्तूत नाही, ती एक मुळी आहे. पण रक्तदाब असणाऱ्यांनी ती रोज आणि फार दिवस चघळू नये. सितोपलादी चूर्णातले सितोपला म्हणजे खडीसाखर. ते मधाऐवजी तुपात किंवा कोमट पाण्यात घेता येते का, हे वैद्यांना विचारा. वासावलेहात मध असतो. कनकासवासारख्या आसवांत मद्याचा अंश आपोआप तयार होतो, आणि कनक म्हणजे धोत्रा, तेव्हा ते मनाने घ्यायचे औषध नव्हेच. आयुर्वेदिक लिहिले की निर्धोक, असे समजू नका. औषधांवर हिरवा-लाल ठिपका छापण्याची सक्ती नाही, म्हणून महासतीजींना औषध वहोरावताना तर घटक नीट वाचूनच द्या.

चौविहार करणाऱ्यांचा प्रश्न मोठा आहे. सूर्यास्तानंतर औषध नाही आणि डॉक्टरांनी दिवसातून तीनदा लिहून दिलेले. मग काही जणी संध्याकाळचा आणि रात्रीचा डोस सूर्यास्ताआधी एकदमच घेतात. हे कृपा करून करू नका. एकदम दुप्पट मात्रा गेली की गुंगी, धडधड, चक्कर येते, आणि वयस्कर शरीराला ते झेपत नाही. त्यापेक्षा डॉक्टरांना आधीच सांगा, ‘आम्ही रात्री काही घेत नाही.’ बारा तास टिकणारे औषध असते, वेळा बदलून देता येतात. ते सांगतातही आनंदाने, फक्त विचारावे लागते. आणि आजारपण खरेच मोठे असेल तर पच्चक्खाणातच समाधी टिकावी म्हणून आगार ठेवलेला आहे. त्याबद्दल महाराजसाहेबांना किंवा महासतीजींना विचारावे. लहान मुलांना आणि आजारी म्हाताऱ्यांना आपल्या हौशीने नियमात बांधू नये, एवढे मात्र मी ठामपणे म्हणेन.

आपल्या धर्मात जयणा शिकवतात. पाणी गाळताना, धान्य निवडताना, चूल पेटवताना आपण डोळे उघडे ठेवतो. आपल्या हातून सूक्ष्म जीवही जाऊ नये म्हणून जी बाई तीन पदरी गळणे वापरते, तिने नातवाच्या तोंडात चमचा घालण्याआधी लेबल वाचायला दोन मिनिटे घ्यावीत, हीसुद्धा जयणाच आहे. परासियाच्या आयांनी काही चुकीचे केले नव्हते. त्यांनी डॉक्टरांनी दिलेले औषध दिले. त्यांच्यावर जे आले ते कोणावर येऊ नये म्हणून जिथे तपासणी व्हायला हवी तिथे ती होवो, आणि आपल्या घरात जेवढे आपल्या हाती आहे तेवढे आपण करू.

डबा आजच खाली काढा.

जय जिनेंद्र.